उतरतानाचा यम

“ताई, हे धरंना झालंय,” दस्तगीर मिस्त्री म्हणाला आणि त्याने ड्रिल बंद केलं. “स्क्रू नुसता फिरतोय. या, बघा.”

मी गेले नाही. स्वयंपाकघराच्या दारातूनच मान लांब केली. ड्रिल चालू असलं की मी आसपास फिरकत नाही. आत कुठेतरी वायर असेल, ड्रिल नेमकं तिच्यातून जाईल आणि माणूस आपल्या डोळ्यांदेखत चिकटेल, हे चित्र मला फार स्पष्ट दिसतं. मी जात्याच भित्री. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ओट्यापासून लांब सरते. भरदुपारी फोन वाजला की कुणीतरी गेलं असणार असं धरूनच उचलते. पालीचं तर नाव काढू नये. मी लग्न का केलं नाही याची गावात पुष्कळ कारणं सांगितली जायची, पण खरं विचाराल तर मला भीतीच वाटली असावी.

“तिथूनच सांगा,” मी म्हटलं.

मिस्त्री हसला. त्याने पायरीच्या कडेवरून बोट फिरवलं तर सिमेंटचा सुपारीएवढा खडा सुटला आणि टकटक करत खाली आला.

“कडेचा माल कच्चा हाय, ताई. आत काँक्रीट घट्ट हाय, पण कडेला भोक पाडलं की ढेपाळतंय. आता स्क्रूचा नाद सोडायचा. केमिकलनं पट्टी चिकटवू. फकस्त, एकदा चिकटवली की उद्यापर्यंत त्या पट्टीवर पाय पडता कामा नये. सुकली की मग हत्ती नाचवा.”

“आणि सुकायच्या आधी पाय पडला तर?”

“तर पट्टी सरकणार. पट्टीसंगट पाय, पायासंगट माणूस,” तो म्हणाला आणि पुढच्या कामाला लागला. त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. माझ्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला.

जयसिंगपूरचं आमचं घर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. जिना काँक्रीटचा, वर लाल सिमेंटचा गिलावा. आमच्या पायांनी पायऱ्या मधोमध झिजल्या होत्या, पण त्या कधी कुणाला घसरल्या नाहीत. अण्णा गेल्यावर माझा भाऊ अरविंद पुण्याहून आला आणि त्याच्या डोक्यात घर नवं करायचं आलं. त्याने वरच्या मजल्यावर लाकडी फ्लोअरिंग घातलं आणि त्याच झपाट्यात जिन्याच्या पायऱ्यांवरही फळ्या बसवून घेतल्या. कडेला बोटभर रुंदीची पट्टी, ती नुसत्या चुकांवर, म्हणजे बारीक खिळ्यांवर. जिना इतका चकचकीत झाला की येणारा-जाणारा वाहवा करायचा. मी मात्र त्या दिवसापासून वर जाताना देवाचं नाव घ्यायला लागले.

आणि मग एके सकाळी आईच्या पायाखाली ती चुकांवरची पट्टी उखडली. आई बसकण मारून घसरली, कठड्याचा खांब हाताला लागला म्हणून वाचली. तिला काही झालं नाही. मला मात्र ताप आला. तापातच मी अरविंदला फोन केला.

“शकू, आता बास,” तो म्हणाला. “आईचे डोळे असे, त्यात हा जिना. पुन्हा एकदा काही झालं ना, तर मी गाडी घेऊन येईन आणि तिला पुण्याला घेऊन जाईन. विचारणार नाही. घराचं काय करायचं ते मग बघू.”

आई शेजारीच बसून ऐकत होती. “त्याला म्हणावं, येताना चार माणसं घेऊन ये,” ती म्हणाली. “मी जिवंतपणी इथून हलायची नाही.”

म्हणून हे नोजिंग. म्हणजे पायरीच्या कडेला बसवायची जाड सागवानी पट्टी, पुढे जरासा ओठ काढलेली, वर खाचा पाडलेली. पाय तिच्यावर आला की कड कळते आणि घसरतही नाही. दस्तगीर मिस्त्रीने ती मापात कापून आणली होती आणि शुक्रवारी सकाळपासून तो जिन्यावर बसला होता. कठड्याचे खांब पायऱ्यांच्या टोकांवर उभे होते आणि पट्टी त्यांच्याखालून जायला हवी होती, म्हणून त्याने आल्या आल्या अख्खा कठडा सोडवून व्हरांड्यात आडवा टाकला होता. जिन्याच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला आता काहीच नव्हतं. मी त्या बाजूला बघायचंच टाळत होते.

“मिस्त्री, काय झालं हो? आवाज का थांबला?” वरून आईने विचारलं. ती जिन्याच्या माथ्याशी येऊन उभी राहिली होती.

आईला काचबिंदू होता. कडेचं दिसणं गेलंय, समोरचं थोडं शिल्लक आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या थोड्यावर आईचं राज्य चालायचं. वांगी दाबून बघून शिळी आहेत म्हणून भाजीवालीला ठणकावायची, काठावरून हात फिरवून कुठली साडी ते सांगायची, पेपर मात्र माझ्याकडून वाचून घ्यायची. चष्मा नेहमी दुसऱ्या मजल्यावर राहिलेला असायचा. खाली असली की वर, वर असली की खाली.

मिस्त्रीने तिला सगळं समजावून सांगितलं. “असं करू, मावशी. एकाआड एक पायरी घेऊ. आज ह्या, उद्या त्या. ओल्या पायऱ्यांस्नी लाल टेप मारतो ठळक. लाल दिसलं की ओलांडायचं.”

“त्यापेक्षा आई, तू खालीच झोप ना,” मी म्हटलं. “कामाचे दिवस तरी.”

“माझी खाट वर, माझी मोरी वर, माझी गॅलरी वर. मी खाली काय करू? तुझा कुकर ऐकत बसू?”

“मग निदान जिन्याच्या तोंडाशी खुर्ची तरी आडवी लावते.”

“मी काय म्हैस आहे, अडसर घालायला?”

मिस्त्रीला हसू आवरेना. आई मात्र हसली नाही. तिने भिंतीला हात टेकवला. मग म्हणाली, “मिस्त्री, एकाआड एक नको. त्याने माझा गोंधळ व्हायचा. तुम्ही आज यमाच्या पायऱ्या करा. उद्या इंद्राच्या. परवा राजाच्या.”

हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. जिना बांधताना पायऱ्या तशाच मोजतात. पहिली इंद्राची, दुसरी यमाची, तिसरी राजाची, की पुन्हा इंद्र. शेवटची पायरी यमाची येता कामा नये एवढंच बघायचं. अण्णा ओव्हरसिअर माणूस, त्यांना असलं काही पटत नसे. पण आईने नकाशावर बोट ठेवून मोजलं आणि शेवट यमावर येतोय म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी मुकाट्याने एक पायरी कमी केली आणि बाकीच्यांची उंची जरा जरा वाढवली. शेवट इंद्रावर आला. तेव्हापासून आई जिन्यावर असली की तिचे ओठ हलायचे. इंद्र, यम, राजा, इंद्र, यम, राजा. लहानपणी मी आणि अरविंद तिच्यामागून नक्कल करत जायचो आणि पाठीत धपाटे खायचो.

“आई, काहीतरीच काय,” मी म्हटलं. “लाल टेप लावतायत ना ते? ती दिसेल की तुला.”

“दिसेल. पण लक्षात राहणं वेगळं,” आई म्हणाली. “यम ओलांडायचा, हे मी झोपेतसुद्धा विसरायची नाही.”

“बराबर हाय मावशींचं,” मिस्त्री म्हणाला. “मला तर निम्मी गिऱ्हाइकं ह्येच मोजायला लावत्यात. एक दिवस जास्त जाईल, जाऊ दे.” त्याने खिशातून खडू काढला, तळाच्या पायरीपाशी आला आणि मोठ्याने मोजत, यम आला की फुली मारत, वरपर्यंत गेला. मी दारातून बघत होते. आई माथ्यावरून ऐकत होती. शेवटची पायरी आली तेव्हा तो म्हणाला, “इंद्र!” आणि आईने समाधानाने मान हलवली.

दुपारपर्यंत यमाच्या सगळ्या पायऱ्या झाल्या. जुनी पट्टी काढायची, कड घासून साफ करायची, केमिकल लावून नवी पट्टी बसवायची, लाल टेपने दोन ठिकाणी ओढून धरायची. शुक्रवार होता, मिस्त्रीला मशिदीत जायचं होतं. जाताना त्याने मला दारातून पुन्हा बजावलं.

“नमाज करून, जेवून येतो. तवर लाल पायरीला हात बी लावू नका. आत्ता ती नुसती लोण्यावर ठेवल्यागत हाय.”

मी आईचं ताट वर नेऊन दिलं. जाताना आणि येताना लाल पायऱ्या इतक्या लांब ढांगा टाकून ओलांडल्या की मांड्या भरून आल्या. आई जेवून आडवी झाली. मी खाली आले आणि ओट्याशी उभी राहून विचार करत राहिले, की एवढं काय घाबरायचं, आई झोपली आहे, मिस्त्री तासाभरात येईल, आणि तिला यम कुठला ते पाठ आहे.

मग मी वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला हात घातला आणि डब्यामागून पाल माझ्या मनगटावर पडली.

मी किंचाळले. ते माझं मलाही ऐकवेना. डबा खाली आदळला, झाकण घरभर वाजत गेलं, आणि मी मागच्या दाराने परसात पळाले. तिथे पेरूच्या झाडाशी उभी राहून मनगट झटकत राहिले. शेजारच्यांनी पाण्याची मोटर लावली होती, तिच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं. पाल बाहेर पडेल म्हणून मी दाराकडे टक लावून बघत होते. ती काही येईना आणि मला आत जायचा धीर होईना.

मोटर बंद झाली. आणि घरातून आईचा आवाज आला.

“आले गं शकू, आले. घाबरू नकोस.”

आवाज खोलीतून येत नव्हता. तो जिन्याच्या माथ्याशी होता.

पाल कुठे होती ते मी बघितलं नाही. पोहे तुडवत स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि जिन्यासमोर थांबले.

आई वर उभी होती. अनवाणी, पदर कमरेला खोचलेला, एक हात भिंतीवर सपाट टेकवलेला. दुसऱ्या बाजूला मोकळी हवा आणि खाली फरशी.

“इंद्र,” ती म्हणाली आणि पहिल्या पायरीवर उतरली.

क्षणभर मला हायसं वाटलं. आई मोजतेय, म्हटलं, आता यम ओलांडेल. आणि मग मला लाल टेप दिसली. ती दुसऱ्या पायरीवर नव्हती. तिसऱ्या पायरीवर होती.

कसं ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मिस्त्रीने खालून मोजलं होतं. जिना खालूनच मोजतात. वर पोचता पोचता शेवटच्या तीन पायऱ्या होत्या यम, राजा, इंद्र. वरून उतरताना तेच उलटं होणार, इंद्र, राजा, यम. पण आई उतरतानाही पुन्हा इंद्र, यम, राजा असंच मोजायची. वर्षानुवर्षं मोजत आली होती आणि कधी काही बिघडलं नव्हतं, कारण पायऱ्या सगळ्या सारख्याच होत्या. आज नव्हत्या. तिच्या तोंडचा यम ही साधी, पक्की पायरी होती. ती ओलांडून, लांब ढांग टाकून, ती सगळा भार घेऊन राजावर उतरणार होती, आणि तिचा राजा लोण्यावर ठेवलेला होता.

“यम,” आई म्हणाली आणि तो ओलांडायला तिने पाय उचलला.

मला ओरडायचं होतं. पण ओरडले असते तर ती दचकली असती, आणि एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला दचकायला तिथे जागा नव्हती. मी घशातला आवाज दाबून धरला.

“आई, लाल पट्टी,” मी म्हटलं. “पुढे बघ.”

“दिसली गं,” आई म्हणाली. “तीच ओलांडतेय.”

आणि ती माझ्याकडे बघून हसली. म्हणजे मी जिथे असेन असं तिला वाटलं तिथे बघून हसली. तिथे अण्णांची रिकामी आरामखुर्ची होती.

मी आयुष्यात पुष्कळ घाबरले आहे, पण ते सगळं घाबरणं त्या दिवसापर्यंत नुसतं खेळातलं होतं. आईला लाल दिसत नव्हतं. आईला खुर्ची दिसत नव्हती. आईला काहीच दिसत नव्हतं.

तिचा पाय हवेत पुढे सरकला होता. अंगाचा तोल त्याच्यामागून निघाला होता. “खाली बस” म्हणायची वेळ गेली होती.

“आई,” मी म्हटलं, “यमावर पाय दे.”

“काय?”

“यमावर दे. ओलांडू नकोस. जवळचीच पायरी, तुझ्या उचललेल्या पायाखालची.”

“ती ओली आहे ना?”

“नाही. तू वरून मोजतेयस. मिस्त्रींनी खालून मोजलंय. ओला तुझा राजा आहे.”

तिचा पाय थांबला. भिंतीवरचा हात जरा खाली घसरला, नखांचा चुन्यावर आवाज झाला. टेकलेल्या पायाची टाच थरथरायला लागली होती. जन्मभर ज्याला चुकवायचं म्हणून ती मोजत आली त्याच्यावर मी तिला पाय द्यायला सांगत होते, आणि सांगणारी मी होते, जिचं घाबरून काहीही बोलणं या घरात कुणी कधी मनावर घेतलं नव्हतं.

“शकू,” ती म्हणाली, “तुझा आवाज असा का येतोय?”

“कसा?”

“न घाबरल्यासारखा.”

“घाबरलेय म्हणून,” मी म्हटलं. “फार घाबरलेय, आई. दे पाय.”

तिने डोळे मिटले. का मिटले कोण जाणे. मग पाय मागे घेतला आणि सरळ खाली सोडला. जवळच्या पायरीवर, यमावर. पायरीने तो धरला.

“आता दुसरा. दोन्ही एका पायरीवर. हां. आता बस. मागे हात टेक आणि बस.”

ती बसली. बसल्यावर तिच्या तोंडून मोठा श्वास बाहेर पडला. तिच्या पायांची बोटं पायरीच्या कडेबाहेर आली होती, लाल टेपच्या वीतभर वर.

“पाय पोटाशी घे. खाली सोडू नकोस. मी वर येतेय.”

मी वर गेले. भिंतीला चिकटून, पायरी पायरी बघत, लाल आली की ओलांडत. माझेही ओठ हलत होते. तिच्याशेजारी कठड्याच्या बाजूला जाऊन बसले, तिच्या आणि त्या मोकळ्या हवेच्या मधे. आणि मग मला असं रडू आलं की बोलता येईना. आईने माझा हात चाचपून घेतला आणि नेहमीसारखा थोपटला.

“पाल होती?” तिने विचारलं.

मी मान हलवली. मग लक्षात आलं आणि म्हटलं, “हो.”

“मला वाटलं भाजलीस की काय. हाक मारली तर ओ नाही. मग मी काय करू?”

“बसून राहायचंस! कठडा नाही, पायऱ्या ओल्या, तुला दिसत नाही, आणि तू मला सोडवायला निघालीस?”

‘तुला दिसत नाही’ हे तोंडातून निघून गेलं होतं. खाली पोह्यांतून मुंग्यांची रांग लागायला सुरुवात झाली असणार, असं काहीतरी भलतंच माझ्या मनात आलं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“काय कधीपासून?”

“आई.”

तिने पदर सोडला, पुन्हा नीट खोचला. “दिवाळीत पणत्या दिसल्या होत्या,” ती म्हणाली. “म्हणजे उजेड दिसला होता. संक्रांतीला तो पण नाही.”

संक्रांत होऊन कितीतरी महिने झाले होते. मी सगळं मागे जाऊन आठवायला लागले. वरखाली राहिलेला चष्मा. साड्यांचे काठ. वांगी दाबून बघणं. “यम ओलांडायचा, हे मी झोपेतसुद्धा विसरायची नाही.” मी त्याला म्हातारपणचा हट्ट समजले होते. तिला टेप दिसणार नव्हती, आणि दिसणार नाही हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तिने मिस्त्रीला आपल्या डोळ्यांच्या भाषेत काम करायला लावलं होतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू घाबरली असतीस.”

“मग?”

“घाबरलीस की तू अरविंदला फोन करतेस.”

मी तिचा हात माझ्या मांडीवर ओढून घेतला.

“तो वाईट नाही गं,” आई म्हणाली. “जीव आहे त्याचा. पण त्याच्याकडे लिफ्ट आहे. लिफ्टला कसला इंद्र नि कसला यम? माणूस नुसता उभा असतो, कुणीतरी दार उघडलं की बाहेर यायचं. तिथे मी आंधळी होईन. इथे मला नुसतं दिसत नाही.”

तेवढ्यात खाली फोन वाजला.

भरदुपारचा फोन. मी आईला म्हटलं, “हलू नकोस,” आणि खाली गेले. अरविंदच होता.

“झालं का काम सुरू?” त्याने विचारलं. “नीट करतोय ना मिस्त्री?”

“हो, चांगलं करतोय.”

“आणि आई? तिला कळतंय ना, कुठल्या पायऱ्या ओल्या ते? दिसतंय ना तिला?”

मी जिन्याकडे बघितलं. आई पाय पोटाशी घेऊन बसली होती. मान एका बाजूला कलती, कान माझ्याकडे. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, आणि तरी मला तोंड लपवावंसं वाटलं. हो म्हटलं तर यापुढे जे काही होईल ते माझ्या एकटीच्या डोक्यावर. नाही म्हटलं तर तो उद्या दारात गाडी घेऊन उभा. मला दोन्हींची भीती वाटली. कुठली जास्त, ते ठरवायला वेळ नव्हता.

“दिसतंय की,” मी म्हटलं. “लाल टेप लावलीय ठळक.”

“मग तुझा आवाज का असा कापतोय?”

“पाल पडली अंगावर.”

पलीकडे अरविंद मोठ्याने हसला. “शकू, तू अजून तशीच आहेस गं! मी म्हटलं काय झालं.”

“तशीच आहे,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. जन्मभर भित्री म्हणून चिडवून घेतलं होतं, त्याचा तेवढा एकदा उपयोग झाला.

मिस्त्री आला तेव्हा आम्ही दोघी तशाच पायरीवर बसलेल्या होतो. काय झालं ते आईने त्याला थोडक्यात सांगितलं, डोळ्यांचं सोडून. त्याने लाल टेपकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि तो खालच्या पायरीवर मटकन बसला. “तोबा, तोबा,” म्हणत त्याने कानांना हात लावले. मग काही न बोलता उठला, व्हरांड्यातून कठडा आत आणला आणि आधी तो तात्पुरता उभा केला. आईला काय वाटलं कोण जाणे, काम संपेपर्यंत ती आपण होऊन खाली झोपली. माझा कुकर ऐकत.

शेवटची पट्टी सुकल्यावर ती जिन्याच्या माथ्याशी उभी राहिली. “उतरताना इंद्र, राजा, यम,” ती म्हणाली. “इतकी वर्षं चुकीचं म्हणत होते. बघ ना, जीभ वळत नाही.”

मग ती उतरली. प्रत्येक पट्टीच्या ओठावर पायाची बोटं जरा थांबायची, खाच चाचपायची आणि पुढे जायची. मी खाली हात पसरून उभी होते. तिने मला बाजूला व्हायला सांगितलं.

त्यानंतर आई त्या जिन्यावरून बरीच वर्षं वरखाली करत होती. पुण्याला गेली नाही. शेवटी गेली ती वरच्या खोलीत, स्वतःच्या खाटेवर. अरविंदला डोळ्यांचं पुढे कळलं, पण तोवर तिला त्या घरातून हलवायची गोष्ट काढायला तो माझ्याहून जास्त घाबरायला लागला होता.

मी मात्र रोज घाबरायची, सवयीने कमी झालं असं कधी झालं नाही. आई उतरायला लागली की मी गॅस बारीक करायची आणि ओट्याशी कान देऊन उभी राहायची. इंद्र, राजा, यम. इंद्र, राजा, यम. घरभर ऐकू जाईल अशा आवाजात. शेवटची, म्हणजे तळाची पायरी इंद्राची. तो इंद्र ती आणखी जोरात म्हणायची.

खूप उशिरा माझ्या लक्षात आलं, की त्या शुक्रवारच्या दुपारपर्यंत आई जिन्यावर कधी मोठ्याने मोजत नव्हती. नुसते ओठ हलायचे, मी किंचाळले तेव्हाच काय ती माझ्यासाठी आवाज देत निघाली होती. तिला स्वतःला मोजायला तेवढे ओठ पुरत होते. मोठ्याने म्हणायची ती स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माझ्यासाठी.

“इंद्र!” असं तळाच्या पायरीवरून ऐकू आलं, की मी गॅस मोठा करायची.